आईचा हात कोणता

आरती: दार लोटून घेतलं, ताई. आता कुणी येत न्हाई. तुमचे दादा पावण्यांना घालवाय बिलोलीच्या स्टँडवर गेलेत, मामा मळ्यात हायत. इचारा काय इचारायचं ते.

ऋतुजा: कोणत्या तारखेपासून, वहिनी?

आरती: काय, कोणत्या तारखेपासून?

ऋतुजा: आईच्या मोबाईलवरून तुम्ही कधीपासून लिहीत होतात? दादानं मला नांदेडच्या स्टेशनवर सांगितलं, आई सोमवारीच गेली. आज रविवार. आणि माझ्या फोनमध्ये आईचा मंगळवारचा मेसेज आहे. बुधवारचा आहे. गुरुवारी आई म्हणते, ‘उद्या घाबरू नको.’ शुक्रवारी मी कळवलं, परीक्षा झाली, पास झाले, तर आई म्हणते, ‘लई आनंद झाला.’

आरती: तो मीच लिवला.

ऋतुजा: कुठं बसून?

आरती: गोठ्यात. घरात बाया बसल्या व्हत्या भेटाय आलेल्या. ‘आनंद’ लिवला आन् पुसला, लिवला आन् पुसला. तीनदा. मग डोळे मिटून दिला धाडून.

ऋतुजा: मी तो मेसेज सरांना दाखवला. परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या माणसांना दाखवला. म्हटलं, बघा, माझी आई चौथी शिकलीय, पण बघा कसं लिहिते.

आरती: ताई, जरा अंग धुवून घेता का? बंगळुरूपासनं रातभराची रेल्वे हाय. मग बोलू.

ऋतुजा: नाही. आत्ता. हे बघा, मी आषाढात इथून गेले, तिथपासूनचे सगळे आहेत. मी वाचते. तुम्ही फक्त सांगायचं, आई का आरती.

आरती: असं कोर्टात उभं केल्यावानी?

ऋतुजा: कोर्टातलं नाही हे. माझं शिकणंच हे आहे. तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, आईलाच सांगायचे.

आरती: आम्हाला इतकंच ठावं, आज्याची जमिनीची कागदं उर्दूत व्हती म्हणून तुमी नांदेडात उर्दू शिकला, तिथनं अरबी, आन् अरबीहून पार येशूच्या पुस्तकापर्यंत गेलात. आत्याबाई असंच सांगायच्या समद्यांना.

ऋतुजा: येशूच्याही आधीचं. हिब्रू भाषेतलं. दोन हजार वर्षांपूर्वी चामड्यावर लिहिलेलं, गुंडाळी करून ठेवलेलं. छापखाना नव्हता, माणसं बसून नक्कल करायची. एक लिहिता लिहिता मरायचा, थकायचा, त्याच्या जागी दुसरा बसायचा. मागून वाचणाऱ्याला कळू नये म्हणून पहिल्यासारखंच लिहायचा. कुठल्या ओळीपाशी दुसरा हात सुरू झाला, ते आम्ही शोधायचं. दोन वर्षं मी एकाच गुंडाळीतले दोन हात वेगळे काढत होते. एखाद्या शब्दात एक अक्षर जास्तीचं घालायची सवय असते एकाला, तेवढ्यावरून.

आरती: आन् कळतं?

ऋतुजा: मला कळतं. सर म्हणायचे, वर्गात सगळ्यांत आधी तुझ्या डोळ्याला दिसतं. शुक्रवारी मला पहिला प्रश्न तोच विचारला, दुसरा माणूस इथूनच सुरू झाला असं कशावरून म्हणतेस? मी उभी राहून सांगितलं, मजकूर उतरवता येतो, सवय उतरवता येत नाही. ते सगळे मान हलवत होते. आणि तुमचा मेसेज माझ्या पर्समध्ये होता, वहिनी. सकाळी वाचून आले होते मी तो.

आरती: मी मुद्दाम तुमाला फसवाय—

ऋतुजा: वाचते मी. हा बघा, आषाढातला. ‘रुतु माय पाऊस न्हाई सोयाबीन उन धरल.’

आरती: आत्याबाईचाच. सोता लिवला त्येनी. पार सांजवेळ गेली त्याला.

ऋतुजा: हा. मी कळवलं होतं की आपल्याकडं बरकत म्हणतात, त्याचा भाऊबंद शब्द हिब्रूत आहे, बेराखा. आपलं इमान म्हणजे तिकडचं आमेन ज्यातून आलं तेच. त्यावर हा आला, ‘मग आपल बोलन दुर दुर हिंडुन आल म्हन की.’

आरती: हाव. त्येंचाच. दवाखान्यातनं केला त्यो.

ऋतुजा: कुठल्या दवाखान्यातून?

आरती: नांदेडच्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हतं. मी म्हणले, आत्याबाई, कशाला डोळं ताणता. तर म्हणल्या, माझ्या लेकीनं शब्द धाडलाय, जवाब दिला पायजे. मग दुसऱ्या दिवशी गळ्यातली आवाजाची पेटीच काढली. घशाचा कॅन्सर व्हता, ताई. मिसरीनं म्हणले डॉक्टर.

ऋतुजा: श्रावणात.

आरती: श्रावणात. तिसऱ्या सोमवारी.

ऋतुजा: मी म्हटलं, आई, आवाज का पाठवत नाहीस आता? तर उत्तर आलं, घसा बसलाय. मग आलं, मोबाईलचा माईक गेलाय. व्हिडिओ लावला की तुम्ही म्हणायचात, नेट नाही. पोळ्याला नेट नाही, दसऱ्याला नेट नाही, दिवाळीत नेट नाही. मला एकदा तरी शंका यायला नको होती का?

आरती: तुमी तिकडं कामात व्हता.

ऋतुजा: कामात नव्हते नुसती. खरं सांगू? मला बरं वाटायचं. आई फोनवर लागली की तासभर सोडायची नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली. मेसेज दोन ओळींचे यायला लागले, तर मला वाटलं, बरं झालं, वेळ वाचतो. आणि तिचा आवाज होता माझ्याकडं, जुना. बारा-पंधरा वेळा पाठवलेला. फोन भरला म्हणून मी ते पुसून टाकले. गुंडाळीचे फोटो ठेवायला जागा पाहिजे होती.

आरती: ताई, असं नका करू. कुणाला ठावं व्हतं?

ऋतुजा: तुम्हाला ठाऊक होतं. दादाला होतं. आप्पाला होतं.

आरती: त्येनीच तोंड बांधलं आमचं. ऑपरेशनच्या आधी, अजून आवाज व्हता तवा, समद्यांना खाटेपाशी बोलवलं. मामांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हणल्या, रुतूला कळवायचं न्हाई. तिचं पुरं झाल्याबिगर कळवायचं न्हाई. गावानं पोरगी बाटली म्हणलं, पाद्रीण झाली म्हणलं, मी ऐकून घेतलं. आता मधीच माघारी आली तर ते हासतील. मामा लई रडले. पण जबान दिली.

ऋतुजा: पुढं वाचते. भाद्रपदातला. ‘ज्वारीची पेरनी कधी ते बघ म्हनाव भागवतला.’ दादाला निरोप होता. हा?

आरती: त्येंचा. पण बोट माझं. आमच्या आरूची अंगणवाडीतली पाटी व्हती, तिच्यावर त्या खडूनं लिवायच्या, मी बघून जसंच्या तसं मोबाईलवर घालायचे. त्या जशा चुकायच्या तशीच चूक घालायचे. म्हणलं, नीट लिवलं तर तुमी वळखाल.

ऋतुजा: म्हणजे तो आईचाच. लिहून घेणारा निराळा असला तरी मजकूर त्याचाच धरतात.

आरती: तुमच्या पुस्तकात तसं चालतं?

ऋतुजा: चालतं. पुढचा. दिवाळीतला.

आरती: थोडा त्येंचा, थोडा माझा. तवापासनं हात कापाया लागला. एक शब्द लिवायच्या, खडू पडायचा. मी पुढचं बोलून दाखवायचे, त्या मान हलवायच्या.

ऋतुजा: मान हलवायची ना? नक्की?

आरती: हलवायच्या, ताई. देवाशप्पत.

ऋतुजा: हा. डिसेंबरच्या एकोणीस तारखेचा. ‘थंडी लई हाय. सेटर घाल बाळा.’

आरती: माझा.

ऋतुजा: हं.

आरती: कशावरनं वळखला?

ऋतुजा: आईनं मला उभ्या जन्मात ‘बाळा’ म्हटलं नाही. माय म्हणायची. चिडली की सटवे म्हणायची. बाळा नाही.

आरती: मुरुडला माझी आई म्हणती मला. तोंडात बसलेलं हाय, गेलं बोटात.

ऋतुजा: मी वाचलं होतं ना ते. खोलीत बसून वाचलं. दुसरा हात तिथं सुरू झाला होता, आंधळ्यालाही दिसेल असा. आणि मला काय वाटलं सांगू? मला गोड वाटलं. म्हटलं, लेक लांब गेली म्हणून आई मऊ पडलीय. पुन्हा पुन्हा वाचलं मी ते. गुंडाळीतला जास्तीचा एक काना मला दिसला, वहिनी, आणि हे दिसलं नाही.

आरती: त्या दिसाला त्येनी डोळेच उघडले न्हाईत. औषधाची गुंगी व्हती. तुमचा मेसेज आला, लई गारठा हाय, रग पातळ हाय. मला ऱ्हावलं न्हाई. मी आपलं मनानंच लिवलं.

ऋतुजा: आणि हा? नवीन वर्षातला. मी विचारलं होतं, आई, सर मला जर्मनीला पुढच्या शिक्षणाला पाठवतायत. चार वर्षं लागतील. जाऊ का? तीन दिवस उत्तर नाही. मग आलं, ‘जा माय. मागं बघु नको.’

आरती: तो…

ऋतुजा: वहिनी, त्याच्यावर मी हो कळवलंय तिकडं. सही करून पाठवलीय. तो कुणाचा?

आरती: मी वाचून दाखवला त्येंना. रोज दाखवला. दोन दिवस नुस्त्या बघत ऱ्हायल्या. तिसऱ्या दिशी हातानं असं केलं. असं. बाहीर ढकलल्यावानी. मला वाटलं, जा म्हणून राहिल्या.

ऋतुजा: माशी हाकलत असेल. नाहीतर तुम्हाला म्हणत असेल, जा, बाजूला हो, मला उजेड येऊ दे.

आरती: असंल. मी काय सांगू? मला तवा तसंच वाटलं.

ऋतुजा: आणि ‘मागं बघू नको’?

आरती: त्ये माझं.

ऋतुजा: कशाला घातलंत ते? एक ‘जा’ पुरे होतं.

आरती: मला म्हणावं वाटलं म्हणून.

ऋतुजा: बरं. एकच राहिलं. आईनं स्वतःच्या हातानं शेवटचं काय लिहिलं? पाटीवर. कुणाला दाखवायला नाही, कळवायला नाही. शेवटचं.

आरती: शेवटचं… लिवलं की. ‘नीट अभ्यास कर म्हणावं रुतूला.’

ऋतुजा: कधी?

आरती: जायच्या आधी चार दिवस. गुरुवारी.

ऋतुजा: वहिनी, माझ्याकडं बघा. आईनं ‘अभ्यास’ शब्द कधी वापरला नाही. शाळेपासून तिचं एकच, ‘नीट पुस्तकं बघ.’ ऋतू पुस्तकं बघायलीय, तिला हाका मारू नका. ऋतूनं पुस्तकं बघितली का. अभ्यास तुम्ही म्हणता. तुमच्या शाळेतला शब्द आहे तो. ती पाटी कुठंय?

आरती: पाटीत काय न्हाई आता.

ऋतुजा: काय लिहिलं होतं?

आरती: ताई, नका इचारू. मी तुमच्या पाया पडते.

ऋतुजा: आई गेलेली मला स्टेशनवर कळली. तिच्या मातीला मी नव्हते. चेहरा बघायला मिळाला नाही. आता एवढं तरी खरं द्या मला.

आरती: ‘रुतु बलव.’

ऋतुजा: काय?

आरती: खडू मागितला. हात धरून मी आधार दिला. लई येळ लागला. ‘बोलव’ला काना-मात्रा जमली न्हाई. ‘रुतु बलव.’ इतकंच.

ऋतुजा: गुरुवारी.

आरती: दुपारी. मामा झोपले व्हते बाहीर, तुमचे दादा हदगावला गेलते कापसाच्या कामानं. मी एकटीच व्हते.

ऋतुजा: आणि मग? कुणाला दाखवलंत?

आरती: कुणाला न्हाई.

ऋतुजा: वहिनी.

आरती: मी पुसली पाटी. फडक्यानं.

ऋतुजा: तू पुसलीस?

आरती: हाव.

ऋतुजा: तिनं हात कापत असताना लिहिलं, बोलव म्हणून, आणि तू पुसलंस? तू कोण ठरवणारी? कोण आहेस तू? गुरुवारी फोन केला असतास तर मी शुक्रवारी निघाले असते. शनिवारी इथं असते. सोमवारी गेली ती. दोन दिवस, आरती. दोन दिवस मी तिच्या उशाला बसले असते. मला तिचा हात धरता आला असता. तोंड उघडून तिला बोलता येत नव्हतं, पण मी बोलले असते की!

आरती: मारा मला. माझं चुकलंच. पण डॉक्टर म्हणले व्हते, अजून पंधरा-वीस दिस जातील. तुमची परीक्षा पुढल्या शुक्रवारी. मी बोटं मोजली. म्हणलं, आठ दिस. आठच दिस निघू दे. परीक्षा झाली की त्याच दिशी बोलवू, दोन्ही व्हईल. मी देवापाशी हिशेब केल्यावानी केलं आन् देवानं आठ दिस दिले न्हाईत.

ऋतुजा: परीक्षा पुढं ढकलता आली असती. सहा महिन्यांनी दिली असती.

आरती: न्हाई देता येत, ताई. ते तुमाला ठावं न्हाई. मला ठावं हाय.

ऋतुजा: तुला काय ठाऊक?

आरती: मला बी बोलवलं व्हतं. लातूरला डी.एड.ला व्हते मी. दुसरं वरीस. पाठाची वही तयार व्हती, शाळा ठरली व्हती. मुरुडहून फोन आला, बापाचं कायबी खरं न्हाई, हाय तशी निघून ये. गेले. बाप बरा झाला. आठ वर्सं जगला, चांगला हिंडता फिरता. माझी परीक्षा गेली ती गेलीच. घरचे म्हणले, आता आलीच हायस तर ह्ये स्थळ बघ. बापानं कधी इचारलं न्हाई, पोरी, तुझं काय ऱ्हायलं. मी बापावर राग धरला न्हाई. पण त्या दुपारी पाटी हातात घेतली आन् मला ती वहीच दिसली. म्हणलं, हिचं तरी पुरं व्हऊ दे.

ऋतुजा: मला विचारायचं होतंस.

आरती: इचारलं असतं तर तुमी आला असता.

ऋतुजा: हो. आले असते.

आरती: म्हणूनच न्हाई इचारलं.

ऋतुजा: आईनं बघितलं? पाटी पुसताना?

आरती: न्हाई. मी पाटी घेऊन बाहीर आले ना, त्येंना वाटलं फोन लावाय चाललेय. समाधान दिसलं तोंडावर. परत आत गेले तर त्या कुशीवर झाल्या व्हत्या, दाराकडं तोंड करून. तेवढं वळायला बी त्येंना किती तरास पडला असंल.

ऋतुजा: आणि मग चार दिवस?

आरती: चार दिस दाराकडंच तोंड. मी दुसऱ्या कुशीला वळवाय गेले तर हात धरायच्या. कडी वाजली की डोळे उघडायचे. मग मी सांगायचे, निघाल्यात हो आत्याबाई. रेल्वेत हायत. येऊन राहिल्यात. रोज सांगितलं. चार दिस तुमाला रेल्वेतच ठेवलं मी.

ऋतुजा: माझे आवाजाचे मेसेज?

आरती: कानाला लावायचे. तुमी काय काय सांगायचा, आज हे वाचलं, आज त्या राजाचं वरीस सापडलं. त्येंना वाटायचं रेल्वेतनंच बोलून राहिल्यात.

ऋतुजा: बास.

आरती: सोमवारी सकाळी—

ऋतुजा: बास म्हटलं ना, वहिनी. बास.

आरती: पाणी देऊ?

ऋतुजा: दादाला माहीत आहे?

आरती: न्हाई.

ऋतुजा: आप्पाला?

आरती: न्हाई. कुणाला न्हाई. तुमालाच सांगितलं.

ऋतुजा: आप्पाला कळलं पाहिजे. दादालाही. हे असं घरात पुरून ठेवता येणार नाही. मी सांगणार आहे.

आरती: सांगा. मी न्हाई म्हणत न्हाई. काढून देतील तर मुरुडला जाईन. मला बी आता पेलंना झालंय. रातंदिस ती पाटीच दिसती. तुमी नका सांगू, मीच सांगते, तुमच्या म्होरं.

(कडी वाजते. ऋतुजाचे वडील शेषेराव आत येतात. धोतराला ओली माती लागलेली.)

शेषेराव: दार कामून लावलं?

आरती: वारं येऊन राहिलं व्हतं, मामा. बसा. पाणी देते.

शेषेराव: नगं. ऋतू, मळ्यातनं आलो. लिंबाखाली जागा दिलीय तिला. शेजारची साखराबाई विचारत व्हती, पोरगी पाद्र्याला आणणार का म्हणून. म्हणलं, माय, माझी पोरगी लिपी शिकाय गेलीय, देव बदलाय न्हाई. तुझी आई असंच म्हणायची. आता मला म्हणावं लागतंय.

ऋतुजा: म्हणा, आप्पा.

शेषेराव: तू माझ्यावर नाराज हायस.

ऋतुजा: नाही.

शेषेराव: हायस. स्टेशनवरनं आलीस तशी माझ्याकडं बघितलं न्हाईस. तुझा हक्क हाय तो. मी तुला एक सांगतो, मग काय बोलायचं ते बोल. दसऱ्याला मी फोन हातात घेतला व्हता. तुझा नंबर लावला बी. तिनं खाटेवरनं बघितलं, हात जोडले. बोलता येत नव्हतं ना, हात जोडले. मी ठेवला. दिवाळीत पुन्हा घेतला, पुन्हा तेच. संक्रांतीच्या आधी एकदा मळ्यात जाऊन लावणार व्हतो चोरून. पाय उचलला न्हाई. जबान दिली व्हती मी तिला.

ऋतुजा: वहिनीनं सांगितलं.

शेषेराव: लई घट काळजाची बाई. शेवटपर्यंत एकदाबी तुला बोलवा म्हणली न्हाई. त्यावरच मी उभा हाय बघ. सहा दिवस लोक येतात, म्हणतात, शेषेराव, पोरीला तोंड दाखवलं न्हाईस, काय माणूस हायस. मी म्हणतो, तिचीच मर्जी व्हती. तिनं एकदा नुस्तं दाराकडं बोट केलं असतं ना, तर मी त्याच वक्ताला भागवतला बंगळुरूला धाडला असता. मी सोता आलो असतो, मला ते गाव ठावं नसलं तरी. पण न्हाई म्हणली. न्हाई का गं, आरती? तूच व्हतीस तिच्यापाशी रातंदिस.

आरती: मामा…

शेषेराव: काय?

आरती: मामा, मला तुमाला एक सांगायचंय. गुरुवारी दुपारी तुमी बाहीर झोपला व्हता, तवा आत्याबाईंनी पाटी मागितली. त्येंनी लिवलं—

शेषेराव: पाटी? तिला खडू धरता येत व्हता? मला कुणी सांगितलं न्हाई. काय लिवलं? मला बोलवायचं न्हाई का! काय लिवलं तिनं?

आरती: त्येंनी लिवलं…

शेषेराव: बोल की. ऋतूला बोलवा म्हणली का? आँ? ऋतू, तू बोल. तुला सांगितलंय हिनं. तुझ्या तोंडावर दिसून राहिलंय. बोलवलं व्हतं का तिनं तुला, आन् मी घोरत पडलो व्हतो?

ऋतुजा: नाही, आप्पा.

शेषेराव: मग?

ऋतुजा: मला नाही बोलवलं. माझ्यासाठी लिहिलं होतं. वहिनी तेच सांगत होती मला मघापासून.

शेषेराव: काय?

ऋतुजा: ‘रुतु माय नीट पुस्तक बघ.’

शेषेराव: पुस्तकं बघ.

ऋतुजा: हो. अनुस्वार नव्हता दिलेला.

शेषेराव: देत नव्हती ती. कधीच देत नव्हती. हाव… हे तिचंच बोलणं. आरती, तू रडून कामून राहिलीस? चांगलं लिवलंय की तिनं.

आरती: हाव, मामा.

शेषेराव: ऋतू, मी जरा पडतो. सोमवारपासनं डोळ्याला डोळा न्हाई. कुणी आलं तर उठवू नगा.

ऋतुजा: पडा तुम्ही, आप्पा. मी बसते दारात.